दारूची लंका आणि दारातली पणती

आश्विनाचा कृष्णपक्ष लागला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर दोन कागद शेजारीशेजारी झळकू लागतात. एक असतो रांगोळी, आकाशकंदील आणि किल्ले यांच्या स्पर्धांचा. दुसरा असतो 'सामुदायिक आतषबाजी'साठी प्रत्येक सदनिकेमागे द्यावयाच्या वर्गणीचा. पहिला कागद मुले वाचतात. दुसरा त्यांचे वडील वाचतात आणि काही न बोलता जिन्याकडे वळतात. या दुसऱ्या कागदावरील आकडा वर्षागणिक वाढत चालला आहे, हे उपनगरांतील कोणाही गृहस्थाला सांगावयास नको. तो का वाढतो, कोणासाठी वाढतो, आणि ज्या सणाच्या नावाने तो गोळा होतो त्या सणाला त्याची कितपत गरज आहे, याचा विचार दीपावलीच्या या पानावर करावा असे आम्ही योजिले आहे.

धूर आणि आवाज यांविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून येते, आणि ते खोटे नाही. परंतु धुराची चर्चा एकदा सुरू झाली की दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, फटाके बंद करा. दुसरा म्हणतो, आमच्याच सणांवर तुमचा डोळा का? या कलहात मूळ बदल कोणाच्या ध्यानात येत नाही. तो बदल असा की, पूर्वी दारू हा घरातील मुलाच्या हातचा खेळ होता. आता तो पैसे भरून मान वर करून पाहावयाचा प्रयोग झाला आहे.

ज्यांनी उपनगरांतील बैठी घरे आणि चाळी पाहिल्या आहेत त्यांना जुना क्रम आठवेल. वडिलांचा बोनस हाती पडला म्हणजे फटाक्यांची एक पिशवी घरी येई. तीत लवंगीची माळ, चार-दोन डझन फुलबाज्या, भुईनळे, भुईचक्रे, नागगोळ्या, टिकल्यांच्या डब्या आणि थोरल्या मुलासाठी मोजके सुतळी बाँब. ती पिशवी दोन दिवस उन्हात वाळत पडे. मग भावंडांत वाटणी होई, तीवरून रुसवेफुगवे होत. लवंगीची माळ सोडवून एकेक फटाका उदबत्तीने लावण्यात मुले चार दिवस काढीत, कारण पिशवी पुन्हा भरावयाची नाही हे त्यांना पक्के ठाऊक असे. न वाजलेले फटाके पाडव्याला वेचून त्यांतील दारू कागदावर पेटवणे हाही एक स्वतंत्र सोहळा असे. मातांनी त्याकडे कधीच चांगल्या नजरेने पाहिले नाही, आणि ते योग्यच होते.

आता पेठेत मान आहे तो 'शॉट्स'ला. साठ, एकशेवीस, दोनशेचाळीस नळ्या एका खोक्यात बांधलेल्या असतात. वात मात्र एकच. ती एका माणसाने पेटविली की दोन-तीन मिनिटांत सारे खोके आकाशात रिकामे होते. दोनशेचाळीस वेळा आकाश उजळते, पण मुलाच्या हाताला उदबत्ती एकदाही लागत नाही. यज्ञात यजमान असतो आणि पाहुणे असतात; आजच्या आतषबाजीत सारेच पाहुणे झाले आहेत. पाहुण्यांचे एक लक्षण असे की ते मागील वर्षीच्या पंक्तीशी तुलना करतात. आपल्या हाताने लावलेली एक चंद्रज्योत मुलाला पुरते. दुसऱ्याने उडविलेले शंभर बाण पुढल्या वर्षी दोनशे झाले नाहीत तर त्याला फसविल्यासारखे वाटते. वर्गणीच्या कागदावरील आकडा वाढण्याचे पहिले कारण आम्हांस हे दिसते.

ही प्रेक्षकांची आतषबाजी नित्यनेमाने उभी केली ती पाश्चात्त्यांच्या करमणूक-उद्यानांनी. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ च्या जुलैत डिस्नेलँड उघडले आणि पुढल्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तेथे रात्रीची आतषबाजी सुरू झाली. त्यामागील हिशेब साधा आहे. सकाळी तिकीट काढून आलेले कुटुंब दुपारी दमून घरी गेले तर संध्याकाळचे जेवण ते बाहेर घेणार. रात्री आकाशात काही घडणार आहे असे कळले म्हणजे ते उद्यानातच थांबते, तेथेच जेवते, मुलांसाठी तेथेच खेळणे विकत घेते. म्हणजे तेथील दारू ही उत्सवाची नसून व्यवसायाची आहे. आम्ही तिला दोष देत नाही. व्यापाऱ्याने व्यापार करावा. मात्र तिचा स्वभाव ओळखून असावे. रोज करावयाची गोष्ट रोज थोडी नवी हवी. म्हणून पुढे संगीताच्या तालावर बाण सोडणे आले, संगणकाच्या आज्ञेने क्षणाच्या अंशात पेटणाऱ्या वाती आल्या, महालांच्या भिंतींवर चित्रे फेकणारे दिवे आले. २००४ साली त्याच डिस्नेलँडमध्ये बाण वर फेकण्यासाठी दारूऐवजी दाबलेली हवा वापरण्याची सोय झाली, ती धूर आणि आवाज कमी व्हावा म्हणून. कारण रोजच्या आतषबाजीचा त्रास शेजाऱ्यांना रोजच होणार. आमच्याकडील उत्साही मंडळींनी तेथून भपका उचलला, ही हवेची युक्ती मात्र उचलली नाही.

आमच्या उपनगरांनाही असे उद्यान लाभले होते. बोरिवलीच्या पश्चिमेस खाडीपलीकडे गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड उघडले, १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले, आणि उपनगरांतील एक संपूर्ण पिढी होडीत बसून तेथे गेली. एस्सेल वर्ल्डचे पाळणे आता थांबले आहेत. त्याच परिसरात, त्याच उद्योगसमूहाने दिलेल्या भूमीवर, विपश्यनेचा भव्य पॅगोडा उभा आहे. २००९ साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एका बाजूस किंकाळ्यांचे पाळणे आणि एका बाजूस हजारो माणसे मौन धरून बसलेली, असा शेजार काही वर्षे नांदला. पाळणे गेले, पण तिकीट काढून थक्क होण्याची जी सवय त्या पिढीला लागली ती इमारतींच्या गच्चीवर आणि पोडियमवर राहिली. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका निघाले, त्याने ती सवय आणखी पक्की केली.

जगातील स्पर्धा तर आता आकड्यांत मावत नाही. दुबईने २०१३ च्या अखेरच्या रात्री, २०१४ चे स्वागत म्हणून, सुमारे सहा मिनिटांत ४,७९,६५१ बाण उडविले आणि गिनेसच्या पुस्तकात नाव नोंदविले. भागाकार केला तर दर सेकंदाला तेराशेंहून अधिक बाण पडतात. माणसाच्या डोळ्याला सेकंदात किती फुले पाहता येतात? तेरा दिसली तरी पुष्कळ. उरलेली सारी फुले नोंदवहीसाठी होती. तो विक्रमही टिकला नाही. २०१६ च्या पहिल्या रात्री फिलिपाइन्समध्ये ८,१०,९०४ फटाके उडविले गेले, आणि हे दुसरे दारूकाम एका ख्रिस्ती पंथाच्या मैदानात झाले. तेव्हा धर्माच्या नावाने दारूची चढाओढ करण्यात आम्ही एकटे नाही, एवढे समाधान हवे त्याने मानून घ्यावे.

मात्र हा सारा दोष परदेशावर ढकलणेही प्रामाणिकपणाचे नाही. मोठ्या दारूकामाची हौस आमचीही जुनी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील शोभेच्या दारूचा इतिहास शोधून १९५३ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या शोधाचा सारांश असा की, शोभेची दारू आमच्या देशात साधारणपणे इसवी सन १४०० नंतर दिसू लागते. इराणी वकील अब्दुर रझाक १४४३ साली विजयनगरात होता. त्याने तेथील महानवमीच्या उत्सवातील दारूकामाचे वर्णन केले आहे. ओढ्रदेशाचा गजपती प्रतापरुद्र याच्या नावावरील 'कौतुकचिंतामणि' या संस्कृत ग्रंथात तर चक्क कृती दिल्या आहेत. गंधक, सोरा, कोळसा, पोलादाचा कीस आणि बांबूची नळी असे साहित्य, आणि कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंपाबाण, पुष्पवर्ती, चंद्रज्योती अशी एकापेक्षा एक रसाळ नावे. पाचशे वर्षांपूर्वीच्या राजग्रंथातील 'चंद्रज्योती' आमच्या मराठी मुलांच्या तोंडी कालपरवापर्यंत होती, हे पाहून आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्याला आनंद होतो. 'शॉट्स' या शब्दाने तिची जागा घेतली याचे वाईट वाटते ते केवळ भाषेसाठी नव्हे. चंद्रज्योत हातात धरता येते.

संत एकनाथमहाराजांनी 'रुक्मिणीस्वयंवर' १५७१ साली काशीत पूर्ण केले. त्यातही कृष्णाच्या लग्नातील दारूकामाचे वर्णन आहे. म्हणजे संतांना आनंदाचे वावडे नव्हते. आणि पेशव्यांच्या बखरीतील एक प्रसंग तर आजच्या कोणत्याही करमणूक-उद्यानाला लाजवील असा आहे. महादजी शिंदे पुण्यास आले असता त्यांनी सवाई माधवरावांपाशी कोट्याच्या दिवाळीची वाखाणणी केली. चार दिवस तेथे लक्षावधी दिवे लागतात आणि नगराबाहेर 'दारूची लंका' रचतात. रावण, राक्षस, वानर, हनुमंत, लंकेची घरे नि वाडे सारे दारूचे. मारुतीच्या शेपटीस बत्ती दिली की तो उड्डाण करून लंका पेटवितो. तरुण पेशव्यांना ते पाहण्याची इच्छा झाली आणि पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका उभी करविण्यात आली. पुणेकर ती पाहण्यास लोटले. महादजी पुण्यास आले १७९२ साली आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस वारले, तेव्हा ही हकीकत त्या दरम्यानची. पुढे १७९५ साली पेशव्यांचे काय झाले ते महाराष्ट्र जाणतो. त्या दुर्दैवाचा संबंध या दारूच्या लंकेशी जोडण्याचा मोह कीर्तनकाराला फार होतो. आम्ही तो आवरतो.

परंतु त्या लंकेत आणि आजच्या दोनशेचाळीस नळ्यांत एक भेद आहे. तिला आख्यान होते. पाहणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक होते की हा मारुती, ही लंका, आणि ती का जळते. खर्च अफाट होता, तो राज्याच्या खजिन्यातून होता, आणि त्याचे समर्थन आम्ही करू इच्छित नाही. पण तेथे दारू कथेची चाकर होती. आज कथा गेली आणि चाकर मालक होऊन बसला आहे.

आता शास्त्राकडे वळू, कारण धर्मशील कुटुंबांत शेवटचा प्रश्न तोच विचारला जातो: फटाके उडविणे हे दीपावलीचे अंग आहे की नाही? आमच्या पंढरपूरचे काशिनाथशास्त्री उपाध्याय, ज्यांना लोक बाबा पाध्ये म्हणत, त्यांनी १७९० साली 'धर्मसिंधु' पूर्ण केला. म्हणजे पर्वतीच्या लंकेच्या अगदी आगेमागे. त्यात दीपावलीची कृत्ये सविस्तर आहेत: चतुर्दशीचे अभ्यंगस्नान, यमतर्पण, दीपदान, अमावास्येस प्रदोषकाळी लक्ष्मीपूजन. अग्नीचे म्हणून जे कृत्य सांगितले आहे ते उल्कादान. चतुर्दशीस आणि अमावास्येस सायंकाळी हाती जळती चूड घ्यावी आणि पितरांना परतीची वाट दाखवावी, असा त्याचा भाव. काही मंडळी या उल्केवरून फटाक्यांना शास्त्राधार काढतात. आमचे मत विचाराल तर हा आधार फार ताणलेला आहे. वाट दाखविणारी चूड हातात स्थिर धरावयाची असते. ती वर जाऊन फुटली तर पितरांनी जावे कोठे?

आवाजाचेही कृत्य आहे, आणि ते तर आमच्या माताभगिनींकडे सोपविले आहे. मध्यरात्री स्त्रियांनी सूप आणि डिंडिम वाजवून अलक्ष्मीला अंगणातून बाहेर घालवावे. त्या रात्री आपण केरसुणीची पूजा करतो तीही याच भावाची. तेव्हा दीपावलीत आवाज वर्ज्य नाही. पण शास्त्राने सांगितलेला आवाज घरातल्या सुपाचा आहे, आणि त्याला वर्गणी लागत नाही. त्रिपुरारी पौर्णिमेचेही तसेच. शंकरांनी आकाशातील तीन पुरे एका बाणाने जाळली, याहून मोठी आतषबाजी कोणी कल्पिली नसेल. तिचे स्मरण आमच्या घरी तुपात भिजविलेल्या साडेसातशे वातींनी करतात.

'आमच्याच सणांवर बंधने' या तक्रारीत तथ्य किती, हेही पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जुलैत रात्री दहा ते सकाळी सहा फटाके वाजविण्यास मनाई केली ती सर्वांसाठी. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निर्णयात दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही दोन तासांची मर्यादा घातली, त्याच निर्णयात नाताळ व नववर्ष यांसाठी रात्री ११.५५ ते १२.३० एवढीच वेळ दिली, आणि लग्नकार्यांतही कमी धुराचे फटाकेच वापरावेत असे सांगितले. तेव्हा कागदावर भेद नाही. अंमलबजावणीत आहे काय? एकतीस डिसेंबरच्या रात्री एक वाजता, क्रिकेटच्या विजयानंतर, निवडणुकीच्या निकालाच्या दुपारी उपनगरांत जे वाजते ते ऐकणाऱ्याने याचे उत्तर स्वतः द्यावे. ही तक्रार आम्ही सर्वस्वी खोटी मानत नाही. पण तिचे उत्तर आपणही तसेच वाजवावे हे नव्हे.

मुंबईत २०२३ साली हा विषय आणखी जवळ आला. हवा बिघडली म्हणून उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले. ६ नोव्हेंबरला फटाक्यांसाठी सायंकाळी सात ते दहा ही वेळ ठरविली आणि १० नोव्हेंबरला ती आठ ते दहा अशी आणखी आखडली. हेतू चांगला. परिणाम मात्र चमत्कारिक झाला, आणि तो आम्हां कीर्तनकारांइतका कोणाला जाणवला नसेल. आठ ते दहा हीच तर कीर्तनाची वेळ! साडेसातला नमन, पूर्वरंगात निरूपण, नऊच्या सुमारास आख्यान रंगात, दहाला आरती, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. पूर्वी फटाके दिवसभर विखुरलेले असत. आता सारे शहर आठाची वाट पाहते आणि चार दिवसांची दारू दोन तासांत कोंबते. पूर्व उपनगरातील एका देवस्थानात, जेथे वसुबारसेपासून पाच दिवस कीर्तन होत असे, आम्हांला 'महाराज, पावणेआठला आवरते घ्या' अशी चिठ्ठी आली. नरकासुराचे आख्यान चालू होते. श्रीकृष्ण नि सत्यभामा गरुडावर बसून प्राग्ज्योतिषपुरास पोहोचले होते, सोळा सहस्र बंदिवान स्त्रिया सुटावयाच्या होत्या. त्या त्या रात्री सुटल्या नाहीत; आम्ही आरती घेतली. मागाहून विश्वस्तांपैकी एका सज्जनांनीच संकोचाने सांगितले की त्या सायंकाळच्या दारूचा खर्च पाच दिवसांच्या कीर्तनाच्या, तबला-पेटीच्या साथीसह दिलेल्या बिदागीच्या तिपटीहून अधिक होता. बिदागी कमी पडते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. नारदांची गादी तराजूत तोलण्याची नव्हे. पण ती त्या देवळाच्या हिशेबवहीत तोलली गेली, आणि पारडे कोणते वर गेले ते दिसले.

या दोन तासांच्या नियमामागे आणखी एक वाक्य होते, ते बहुतेकांनी सोयीचे तेवढे वाचले. २०१८ च्या त्याच निर्णयात न्यायालयाने राज्यांना सुचविले की, ठरलेल्या मैदानांवर एकत्र फटाके उडविण्यास उत्तेजन द्यावे. उद्देश असा की दहा हजार घरांनी वेगवेगळे उडविण्याऐवजी थोडक्यात भागावे. उपनगरांतील संस्थांनी 'एकत्र' हा शब्द घेतला आणि 'थोडक्यात' हा भाव सोडला. घरोघरची पिशवी गेली नाही, तिच्यावर सामुदायिक खोकी चढली. आणि सामुदायिक झाले की फलक येतो: अमुक नेत्यांच्या सौजन्याने, तमुक बांधकाम व्यावसायिकांच्या शुभेच्छांसह. ज्याच्या नावाचा फलक, त्याला शेजारच्या विभागापेक्षा मोठा आवाज हवा. घाटकोपरच्या दहीहंडीत बक्षिसांचे आकडे कसे चढत गेले ते सर्वांनी पाहिले आहे. बोरिवलीच्या गरब्याला तिकिटे लागली तीही पाहिली. आतषबाजी त्याच वाटेने निघाली आहे.

खर्च म्हणजे केवळ खोक्यांची किंमत नव्हे. मोठ्या जाहीर आतषबाजीस स्फोटकविषयक २००८ च्या नियमांखाली परवाना लागतो. जाणता दारूवाला, रेती, पाणी, मोकळी जागा, दूर उभी केलेली गर्दी हे सारे लागते. परदेशी उद्यानांचा मोठा खर्च या सावधगिरीवरच होतो. आमच्याकडे पैसा दारूवर जातो आणि सावधगिरी चौकीदाराच्या अंगावर पडते. शिवाय जुन्या चारमजली इमारती पडून तेथे वीस-पंचवीस मजल्यांचे मनोरे उठले आहेत. मैदानातून शंभर फूट चढणारा बाण पूर्वी साऱ्यांच्या डोक्यावर फुटे. आता तो नवव्या-दहाव्या मजल्यावरील आजोबांच्या खिडकीसमोर फुटतो आणि दोन मनोऱ्यांच्या भिंतींमधून त्याचा आवाज घुमत राहतो. कायद्याने फटाक्याला चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलची मर्यादा घातली आहे; निवासी भागात रात्रीची मर्यादा आहे ४५. या दोन आकड्यांची सांगड कशी घालावी हे आम्हांस उमगलेले नाही. बोरिवली आणि मुलुंड या दोहोंच्या मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील भिक्षू गेले, पण बिबटे आणि पाखरे अजून तेथेच राहतात. त्यांना आठ आणि दहा यांतील भेद कळत नाही.

ही दारू येते कोठून, हेही एकदा विचारात घ्यावे. बहुतेक शिवकाशीहून, काही आमच्याच धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्याहून, जेथे पाऊस बेताचा म्हणून शेती बेताची, आणि कोरडी हवा दारूला मानवते. २०१२ च्या सप्टेंबरात शिवकाशीजवळच्या एका कारखान्यात चाळीसच्या आसपास माणसे जळून गेली, ती दिवाळीची मागणी पुरवितानाच. केरळात कोल्लमजवळ परवूर येथील पुट्टिंगल देवीच्या मंदिरात १० एप्रिल २०१६ रोजी पहाटे दारूच्या साठ्याचा स्फोट होऊन शंभराहून अधिक भाविक मेले. ते दारूकाम दोन पथकांच्या चढाओढीचे होते आणि त्याला जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली होती. देवीच्या दारी, उत्सवाच्या रात्री. उपनगरांतील मंदिर-विश्वस्तांनी ही हकीकत आपल्या बैठकीत एकदा वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे.

यावर उपाय म्हणून 'हरित फटाके' आले. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने २०१८ नंतर त्यांची कृती दिली. धूलिकण निदान तीस टक्के कमी व्हावेत ही अपेक्षा. गंमत अशी की आतषबाजीत हिरवा रंग आणणारे बेरियमचे क्षारच न्यायालयाने मना केले आहेत, म्हणजे हरित फटाक्याला हिरवे होणेच अवघड. विनोद बाजूस ठेवू. तीस टक्के धूर कमी झाला आणि खोकी दुप्पट झाली, तर हिशेब कोठे आला ते शाळकरी मुलगाही सांगेल. दुसरा उपाय दारूवाचून शोभेचा. पॅरिसच्या डिस्नेलँडने २०२२ पासून आकाशात ड्रोन नाचविले. वांद्र्याच्या संकुलात त्याच वर्षी रंगीत कारंजी सुरू झाली आणि उपनगरांतील कुटुंबे संध्याकाळी ती पाहावयास जातात. धूर नाही, राख नाही, कोणाचा हात भाजत नाही. हे चांगलेच आहे. परंतु प्रेक्षकाची भूक त्यानेही भागत नाही. अयोध्येच्या दीपोत्सवाकडे पाहा. तेथील विक्रम पणत्यांचा; शरयूच्या घाटावरचे ते दृश्य पाहून कोणाचेही हात जोडले जावेत. २०१८ साली तेथे ३,०१,१५२ दिव्यांचा विक्रम नोंदला गेला, २०२५ साली २६,१७,२१५ दिव्यांचा. सात वर्षांत साडेआठ पटींहून अधिक. प्रभू रामचंद्र परतले तेव्हा अयोध्यावासीयांनी दिवे लावले, मोजले मात्र कोणी नव्हते.

अर्थात मुलांच्या हातून फुलबाजी काढून घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. चार फुलबाज्या, एक भुईनळा, नागगोळीचा काळा नाग पाहून ओरडणारी धाकटी, हे घर आम्हांलाही हवे आहे. आमचे म्हणणे वर्गणीच्या कागदापुरते आहे, आणि त्यातही मार्ग निघतो असा अनुभव आहे. मुलुंडच्या एका संस्थेत गेल्या कार्तिकात वृद्ध मंडळींनी सभेत उभे राहून तीन प्रश्न विचारले: परवाना कोणाच्या नावाने आहे, पाण्याची नळी कोण धरणार, आणि खोकी किती मिनिटांत संपणार? पहिल्या दोहोंना उत्तर नव्हते. तिसऱ्याचे उत्तर 'अकरा मिनिटे' असे आले आणि सभेत हशा पिकला. अखेर खोकी निम्मी झाली. दारू सव्वानऊ ते साडेनऊ मैदानाच्या मोकळ्या टोकास, कीर्तन साडेसहा ते नऊ तळमजल्यावरील सभागृहात, आणि उरलेल्या वर्गणीतून प्रत्येक दारी दोन पणत्या नि पावशेर तेल, असे ठरले. तेल कोणत्या दुकानातून आणावे यावर मात्र सभा आणखी पाऊण तास चालली.